मतदानाच्या रांगेचे गणित

लोकसभा निवडणुकीच्या पाचव्या टप्प्यात, २० मे २०२४ रोजी, मुंबईतील अनेक मतदान केंद्रांपुढे रांगा लागल्या. ऊन, उकाडा आणि तासन्‌तास खोळंबा यांमुळे काही मतदार मत न देताच परतले. मतदान मुद्दाम संथ केले जात असल्याचा आरोपही झाला. आरोप-प्रत्यारोप बाजूला ठेवले, तरी रांगेला स्वतःचे एक गणित असते आणि ते फारसे कोणी मांडत नाही.

मतदाराला तीन टेबले पार करावी लागतात. पहिला मतदान अधिकारी यादीत नाव शोधतो व ओळखपत्र पाहतो. दुसरा बोटाला शाई लावून नोंदवहीत सही घेतो. तिसरा कंट्रोल युनिटचे बटण दाबतो, तेव्हाच मतदारापुढील यंत्र मत घेण्यास सज्ज होते. त्यानंतर व्हीव्हीपॅटची चिठ्ठी ७ सेकंद दिसते. या साखळीत जे काम सर्वांत सावकाश चालते, त्याच गतीने सारी रांग सरकते. तिसऱ्या टेबलावर कितीही चपळाई दाखवली, तरी पहिल्या टेबलावर नावच सापडत नसेल तर तिचा उपयोग नाही.

सकाळी ७ ते सायंकाळी ६ म्हणजे ११ तास, अर्थात ६६० मिनिटे. २०२४ मध्ये एका केंद्रावर कमाल १,५०० मतदारांची मर्यादा होती. ६० टक्के मतदान धरल्यास ९०० मतदार, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला ४४ सेकंद. हे कागदावर जमते. पण मतदार दिवसभर सारख्या अंतराने येत नाहीत. ऊन टाळण्यासाठी त्यांतील निम्मे, म्हणजे ४५०, पहिल्या चार तासांत आले असे समजू. प्रत्येकाला एक मिनिट लागल्यास तेवढ्या वेळात २४० जणांचे मतदान होईल आणि ११ वाजता २१० जण रांगेत उभे असतील. शेवटच्या मतदाराला साडेतीन तास थांबणे भाग पडेल.

आता त्याच केंद्रावर १,२०० मतदार धरा. चार तासांत ३६० जण येतील आणि १२० उरतील. प्रतीक्षा दोन तासांवर येईल. मतदार पाचव्या हिश्श्याने घटले, रांग मात्र चाळीस टक्क्यांहून अधिक आखडली! शिवाय प्रत्येकी लागणारा वेळ ४५ सेकंदांवर आणला, तर रांगेत जेमतेम ४० जण राहतात आणि प्रतीक्षा अर्ध्या तासाची होते. पंधरा सेकंदांची किंमत ही अशी असते.

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीपूर्वी मुंबईत केंद्रांची फेररचना झाली. उंच इमारती व गृहनिर्माण संस्थांच्या आवारातही केंद्रे उघडली. २०२५ मध्ये निवडणूक आयोगाने कमाल मर्यादा १,२०० वर आणली. दिशा योग्यच आहे. पण केंद्र वाढले की खोली लागते, कर्मचारी लागतात आणि दाट वस्तीत या दोहोंची चणचण असते.

सेकंद वाचविण्याचे मार्ग त्या मानाने स्वस्त आहेत. मतदार माहिती चिठ्ठीवर अनुक्रमांक व भाग क्रमांक ठळक छापण्याचा निर्णय आयोगाने २०२५ मध्ये घेतला. दिसायला किरकोळ, परंतु पहिल्या टेबलाचा वेळ नेमका तेथेच जातो. अर्थात चिठ्ठी घरोघर पोहोचली तरच! २०२४ मध्ये मोबाइल घेऊन आलेल्यांना दारातून परत फिरावे लागले होते. पुढील वर्षी केंद्राबाहेर मोबाइल जमा करण्याची सोय मंजूर झाली. ८५ वर्षांवरील तसेच ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या मतदारांना घरूनही मत देता येते. मात्र त्यासाठी अधिसूचनेनंतर ५ दिवसांत अर्ज करावा लागतो आणि ही मुदत अनेकांना ती उलटल्यावरच कळते.

सायंकाळी ६ वाजले म्हणून रांगेतील कोणाचाही हक्क जात नाही. त्या वेळी रांगेत असलेल्या प्रत्येकाला मतदान केंद्राध्यक्ष सही केलेली चिठ्ठी देतात आणि चिठ्ठ्यांचे वाटप रांगेच्या शेवटच्या माणसापासून सुरू होते, म्हणजे नंतर येणाऱ्याला मागे उभे राहता येत नाही. चिठ्ठी हाती असलेल्या शेवटच्या मतदाराचे मतदान होईपर्यंत केंद्र बंद करता येत नाही, मग रात्रीचे कितीही वाजोत.