पंखांवरील केस सांगतात कॉफीच्या शत्रूची ओळख

कॉफीच्या फळाच्या टोकाशी टाचणीने टोचल्यासारखे छिद्र दिसले, की बागायतदाराला शंका येते ती फळ पोखरणाऱ्या भुंगेऱ्याची. ती खरी की खोटी, याचा निर्णय मात्र सूक्ष्मदर्शकाखालीच होतो. 'हायपोथेनेमस हॅम्पेई' हे शास्त्रीय नाव असलेल्या या कीटकाची मादी जेमतेम दीड मिलिमीटर लांब असते.

हा कीटक मूळचा आफ्रिकेतील. तथापि, १८६७ मध्ये त्याचे पहिले वर्णन झाले ते फ्रान्समध्ये आयात झालेल्या कॉफीच्या बियांतील नमुन्यांवरून. प्रारंभी त्याची गणना 'क्रिफॅलस' प्रजातीत झाली, पुढे 'स्टेफॅनोडेरेस'मध्ये आणि अखेरीस 'हायपोथेनेमस'मध्ये. या प्रजातीत दीडशेहून अधिक जाती असून त्यांपैकी अनेक वाळक्या डहाळ्या, साल आणि बिया यांत राहतात.

या जाती वेगळ्या ओळखताना रंगावर विसंबून चालत नाही. कोवळेपणी तपकिरी असलेला भुंगेरा पुढे काळा पडतो. म्हणून अभ्यासक शरीररचनेकडे वळतात. शृंगिकेचे खंड किती, अग्रवक्षाच्या पुढच्या कडेवर दाते किती, कपाळावर मधोमध खाच आहे की नाही, हे तपासले जाते. कठीण पंखांवरील केस ही त्यांतली विशेष उपयुक्त खूण. हॅम्पेईचे केस बारीक व लांबट असतात. मॅकाडेमियाच्या बिया पोखरणाऱ्या 'हायपोथेनेमस ऑब्स्क्युरस'चे केस रुंद व चपटे असतात. एकाच खुणेवर निष्कर्ष न काढता अनेक खुणांचा मेळ घातला जातो. आता त्याला डीएनए तपासणीचीही जोड मिळाली आहे.

ही ओळख प्रामुख्याने माद्यांवरूनच पटवावी लागते. नर संख्येने थोडे, आकाराने लहान आणि उडण्यास असमर्थ असल्याने सहसा फळातच राहतात. बहीण-भावंडांचे मीलनही तेथेच होते. त्यामुळे बाहेर पडणारी मादी आधीच फलित असते आणि एकटीही नव्या बागेत प्रादुर्भावाचा आरंभ करू शकते.

भारतात हा कीटक १९९० मध्ये तमिळनाडूतील निलगिरी जिल्ह्यातील गुडलूर येथे आढळला आणि पुढे कर्नाटक व केरळमधील कॉफीपट्ट्यातही पसरला. ओळख चुकल्यास निरुपद्रवी भुंगेऱ्यावर औषधफवारणीचा खर्च वाया जातो किंवा खरा शत्रू नजरेआड राहून बी आतून पोखरत राहतो. केसांच्या जाडीचा हा सूक्ष्म तपशील म्हणूनच बागायतदाराच्या पिकाशी थेट जोडलेला आहे.