समुद्रावरची पलटण आणि आपले पूर्वज

धारणी तालुक्यातल्या आपल्या बांधवांना समुद्र फार दूरचा वाटतो. घाट उतरून परतवाड्याला यायचे, बडनेऱ्याला गाडी धरायची, रात्र गर्दीत काढायची, तेव्हा कुठे सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर समुद्राचे दर्शन घडते. परंतु मेळघाटाचे पाणी जाते ते समुद्रालाच. सिपना आणि गडगा तापीला मिळतात आणि तापी सुरतेजवळ समुद्राला मिळते. त्याच तापीच्या मुखाजवळ सुवाली येथे १६१२ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांनी पोर्तुगीजांना हरवले. त्या जहाजांच्या ताफ्यातूनच पुढे 'बॉम्बे मरीन' हे कंपनीचे आरमार उभे राहिले. या आरमाराशी आपल्या पूर्वजांचा संबंध आहे. कोरेगावचा विजयस्तंभ आपल्या घराघरांत ठाऊक आहे, परंतु समुद्रावर लढलेल्या महार शिपायांची गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही.

१७७७ ची पलटण

जहाज चालवणारे खलाशी वेगळे आणि जहाजावरून लढणारे शिपाई वेगळे. शत्रूचे जहाज जवळ आले की त्याच्या डेकवर गोळ्या झाडणे, शत्रू आपल्या जहाजावर चढू लागला तर त्याला संगिनीने अडवणे, होडीतून किनाऱ्यावर उतरून ठाणे काबीज करणे, ही कामे शिपायांची. त्यांच्यासाठी १७७७ साली मुंबईत 'मरीन बटालियन' नावाची देशी पलटण उभारण्यात आली. म्हणजे कोरेगावच्या लढाईच्या ४१ वर्षे आधी!

मुंबईच्या फौजेत सर्व जातिधर्मांचे लोक एकाच पलटणीत असत. आपल्या लोकांना इंग्रज कागदपत्रांत 'परवारी' म्हणत आणि त्यांच्या नावापुढे 'नाक' हा प्रत्यय असे. मरीन बटालियनमध्येही महार शिपाई होते. त्या काळी समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, अशी वरच्या जातींची समजूत होती. १८२४ साली ब्रह्मदेशच्या लढाईवर निघायच्या वेळी बराकपूरला बंगालच्या पलटणीने बंड केले, त्यामागे जी कारणे होती त्यांत समुद्रप्रवासाची धास्तीही होती. ज्यांना गावच्या विहिरीवरच पाणी भरू दिले जात नव्हते, त्यांना समुद्राचा विटाळ कसला होणार? ज्या पाण्याला इतर भ्याले, त्या पाण्यावर आपले पूर्वज रोजगारासाठी गेले.

जहाजावरचे शिक्षण

हे शिपाई कोणते हत्यार चालवीत? त्यांच्या हाती चकमकीची बंदूक असे. तिच्या नळीला आतून आटे नसत. कागदी काडतूस दातांनी फाडायचे, थोडी दारू कानावरच्या खोबणीत टाकायची, उरलेली नळीत ओतायची, गोळी गजाने ठासायची, मग चाप ओढायचा. चांगला शिपाई मिनिटाला तीन बार काढी. शंभर पावलांपलीकडे नेम धरण्यात अर्थ नसे. म्हणून सगळ्यांनी एका हुकमावर एकदम बार काढायचा, ही कवायत पुन:पुन्हा घोटून घेतली जाई.

जमिनीवर हे सोपे वाटेल, परंतु जहाज हलत असते. लाट वर उचलते तेव्हा नेम आकाशात जातो आणि खाली दबते तेव्हा पाण्यात, म्हणून चाप कोणत्या क्षणी ओढायचा हे अंगवळणी पडावे लागते. दुसरा शत्रू ओल. खोबणीतली दारू दमट झाली की ठिणगी पडूनही बार उडत नाही. मग उरते ती संगीन. होडीतून उतरताना कमरेएवढ्या पाण्यातून बंदूक आणि काडतुसांची पेटी डोक्यावर धरून चालावे लागे.

असे तयार झालेले शिपाई इराणच्या आखातात गेले. १८१९ च्या डिसेंबरात रास अल-खैमा कंपनीने घेतले आणि १८२१ साली ओमानात बेनी बू अलीची मोहीम झाली. या मोहिमांच्या इतिहासात मरीन बटालियनचे नाव आहे.

कवायतीचा हवालदार

शिपायांना कवायत शिकवणाऱ्यास ड्रिल हवालदार म्हणत. मरीन बटालियनच्या अशाच एका ड्रिल हवालदाराचे नाव मुंबईच्या इतिहासात नोंदले गेले आहे. ते म्हणजे सय्यद हुसेन. १८५७ च्या उठावात मुंबईतही बंडाचा बेत असल्याचा आरोप ठेवून त्यांना आणि १० व्या पलटणीच्या मंगल गाडिया यांना १५ ऑक्टोबर १८५७ रोजी तोफेच्या तोंडी देण्यात आले. ते ठिकाण म्हणजे आजच्या आझाद मैदानाचा परिसर. कंपनीची चाकरी म्हणजे केवळ इमानदारीची कहाणी नव्हे, तिच्या पोटात असंतोषही होता, हे आपण विसरता कामा नये.

१८५७ नंतर सरकारने धडा घेतला. देशी पलटणींना गोऱ्या शिपायांपेक्षा एक पिढी जुनी बंदूक द्यायची, असे धोरण ठरले. गोऱ्यांकडे नवी आली की त्यांची जुनी आपल्याकडे.

दार बंद झाले

१८६३ साली कंपनीच्या आरमाराचा वारस असलेले 'इंडियन नेव्ही' हे आरमार मोडण्यात आले. मरीन बटालियन २१ वी मुंबई पलटण म्हणून राहिली आणि १९०३ साली १२१ वी पायोनियर्स झाली. पायोनियर म्हणजे बंदुकीबरोबर कुदळ-फावडे घेऊन रस्ते बांधणारा शिपाई. १९३३ साली पायोनियर पलटणीच बरखास्त झाल्या.

मात्र आपल्या लोकांवर घाव त्याआधीच पडला होता. अमुक जाती लढवय्या आणि तमुक नाहीत, असा सिद्धांत सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या काळात लष्करात बोकाळला आणि १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. शंभर वर्षांहून अधिक काळाची चाकरी एका हुकमाने पुसली गेली! बंधूंनो, यात नुकसान केवळ पगाराचे नव्हते. लष्करात शिपायांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी शाळा होत्या. सुभेदार रामजी सकपाळ महूच्या लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते आणि त्यांच्याच घरी बाबासाहेबांचा जन्म झाला. पलटणीचे दार बंद झाले म्हणजे शाळेचेही दार बंद झाले.

निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली सरकारकडे अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली विलायतेपर्यंत दाद मागितली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली आणि युद्ध संपताच मोडलीही. गरज असली की शूर, गरज सरली की अस्पृश्य! बाबासाहेबांनी हा प्रश्न सातत्याने लावून धरला आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट स्थापन झाली.

विकर्स ते आजपर्यंत

१९४६ साली या रेजिमेंटला मशीनगन रेजिमेंट करण्यात आले. त्या वेळी तिचे केंद्र आपल्या विदर्भातल्या कामठीला होते, पुढे ते सागरला गेले. विकर्स मशीनगन एकट्याची नव्हे. एक जण तिपाई उचलणार, दुसरा गन, बाकीचे २५० गोळ्यांचे कापडी पट्टे आणि पाण्याचा डबा. नळी तापू नये म्हणून तिच्याभोवतीच्या वेष्टनात सुमारे चार लिटर पाणी भरावे लागे. ज्यांच्या आजोबांना पाणवठा बंद होता, त्यांच्या हाती पाण्यावर चालणारी तोफगाडीसारखी गन आली. रेजिमेंटच्या बिल्ल्यावर आजही दोन विकर्स गन आहेत. १९८७ साली श्रीलंकेत ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन धारातीर्थी पडले आणि मरणोत्तर परमवीर चक्राचे मानकरी ठरले.

समुद्राचे दारही आता उघडे आहे. नौदलाच्या 'मार्कोस' या कमांडो दलाची स्थापना १९८७ साली झाली. नौदलात जातीची पलटण नाही. ओडिशातल्या 'आयएनएस चिल्का' येथून मार्च २०२३ मध्ये बाहेर पडलेल्या अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीत मुलीही होत्या. मात्र ही नोकरी चार वर्षांची असून त्यांतील जास्तीत जास्त चौथ्या हिश्श्यालाच पुढे ठेवले जाते. म्हणून भरतीला जाणाऱ्या मुलामुलींनी गणित-विज्ञान सोडू नये आणि तापी-सिपनेच्या काठी राहता तर जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली पोहायलाही शिकावे.

शौर्याने मिळवलेली जागा १८९२ साली हुकमाने गेली. अर्ज, संघटना आणि शिक्षण यांनी ती १९४१ साली परत आणली. हा हिशेब मुलांना समजावून सांगा. आणि एक काम आजच करा. घरातल्या जुन्या पेटीत आजोबा-पणजोबांचे पेन्शनचे कागद, डिस्चार्जचे पुस्तक, एखादे पदक असेल. ते भंगारात घालू नका. त्यावरची पलटण, नंबर आणि साल वहीत उतरवून ठेवा. कुणाच्या तरी कागदावर, नावापुढे 'नाक' लावलेला, समुद्रावर गेलेला आपला एक माणूस अजून वाट पाहत असेल.