कार्ल्याचं लेणं : एका रात्रीची गोष्ट आणि शिलालेख

मंडळी, कार्ल्याच्या डोंगरावर जाणाऱ्यांपैकी बहुतेक जण एकवीरा आईच्या दर्शनाला जातात. कोळी, आगरी, सीकेपी अशा अनेकांची ती कुलदेवता. चैत्रात पालख्या येतात, तेव्हा पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते. देवीचं देऊळ मात्र चैत्यगृहाच्या अगदी तोंडाशी आहे. डावीकडे चार सिंहांचा स्तंभ उभा आहे. उजवीकडेही तसाच एक असावा, आणि त्याच जागी आज देऊळ आहे, असं अभ्यासक मानतात.

आता दंतकथा बघा. वनवासातले पांडव इथे आले. देवी म्हणाली, मला देऊळ बांधून द्या, पण एका रात्रीत. त्यांनी ते बांधलं, आणि अज्ञातवासात तुम्हाला कोणी ओळखणार नाही असा वर तिने दिला.

ही कथा खोटी म्हणून हसण्यावारी नेणं सोपं आहे. पण ती कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे, हे आधी विचारायला हवं ना? आत जाऊन उभे राहा. सुमारे 124 फूट लांब दालन, 37 खांब, आणि छताला लाकडी कमानी. दगडाच्या छताला लाकडाची गरजच नाही! शिवाय त्या मूळच्या आहेत, म्हणजे सुमारे 1900 वर्षांच्या. असं काम माणसाच्या हातून कसं होईल, असा प्रश्न पडणारच. भिंतीवरची अक्षरं तर शेकडो वर्षं कोणालाच वाचता येत नव्हती. 1837 च्या सुमारास प्रिन्सेप यांनी ब्राह्मी उलगडली, तोवर पांडवांना प्रतिस्पर्धी नव्हता म्हणा ना.

लेख वाचले गेले आणि माणसं बोलायला लागली. वैजयंतीचा भूतपाल श्रेष्ठी सांगतो, जंबुद्वीपातलं हे उत्तम शैलगृह मी पुरं केलं. (नम्रता काही फार नाही, पण दालन बघितल्यावर आपण माफ करतो.) धेनुकाकटाच्या सिंहदत्त नावाच्या गांधिकाने, म्हणजे सुगंधी द्रव्यं विकणाऱ्याने, दाराचं दान दिलं. त्याच गावचा सामी नावाचा सुतार, वेणुवासाचा मुलगा, आपण दार केल्याचं लिहून ठेवतो. खांबांवर यवनांची नावं आहेत, दात्यांमध्ये भिक्षुणीही आहेत. सिंहस्तंभ दिला महारठी अग्निमित्रणकाने. कथेत पाच भाऊ आणि एक रात्र. लेखात किती हात, किती गावं, किती पैसा!

मग देऊळ कोणाचं? हा प्रश्न हल्ली फार तावातावाने विचारला जातो. मला तो जरा उतावळा वाटतो. दर्शनी भिंतीवर आधी मिथुनशिल्पं होती. काही शतकांनी बौद्धांनीच त्यांच्या मधल्या जागेत बुद्धमूर्ती कोरल्या. मूळच्या स्तूपावर मूर्ती नाही. म्हणजे एकाच धर्माच्या माणसांनीसुद्धा आपलंच लेणं नव्याने वाचलं. भक्त तेच करत आले आहेत, आपल्या परीने.

पण एक गोष्ट मी सोडणार नाही. पांडवांची कथा सांगताना सामी सुताराचं नाव पुसलं जातं, आणि ते त्याने दगडात कोरून ठेवलेलं आहे. कथा सांगा, जरूर सांगा. देवीमुळेच त्या डोंगराची वाट मोडली नाही, हेही खरं. फक्त दर्शन झाल्यावर दहा पावलं पुढे जा, आणि मुलांना ते दार दाखवा.