लहान मुलांना घेऊन ट्रेकला जाताय? खरा धोका गडाच्या उंचीत नाही, तो इथे आहे

पाऊस सुरू झाला की एक रील हमखास फिरते. पाठीवरच्या कॅरिअरमध्ये बसलेलं बाळ आणि मागे धुक्यात हरवलेला गड. खाली कमेंटमध्ये दोन तट पडतात. एक म्हणतो, 'किती भारी पालक!' दुसरा म्हणतो, 'पोराच्या जिवाशी खेळ आहे हा.'

मग मुलांना डोंगरात न्यायचं की नाही?

३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यातून एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यात लहान मुलंही होती. हे कुटुंब कुठलाही अवघड सुळका चढत नव्हतं. नेहमीच्या गर्दीच्या ठिकाणी, वाहत्या पाण्यात उभं होतं. त्यामुळे 'ठिकाण सोपं आहे' एवढं पुरेसं नसतं.

कितव्या महिन्यापासून नेता येतं?

बाळाने मान नीट धरलेली असावी आणि ते आधाराशिवाय बसायला लागलेलं असावं. साधारण सहा महिन्यांनंतर हे होतं. त्याआधी पाठीवरच्या कॅरिअरमध्ये बसवू नये. पहिल्या ट्रेकआधी बालरोगतज्ज्ञांशी बोलून घ्या.

खरी कसरत दोन ते चार वर्षांच्या मुलांची. त्यांना स्वतः चालायचं असतं आणि अर्ध्या तासात 'उचलून घे' सुरू होतं. म्हणून जितकं अंतर तुम्ही त्यांना कडेवर घेऊन परत येऊ शकता, तितकंच ठरवा.

आपल्याला घाम, बाळाला थंडी

चढताना आपण घामाघूम होतो आणि बाळालाही उकडत असेल असं वाटतं. पण बाळ बसून असतं, त्याच्या शरीरात चालण्याची ऊब तयार होत नाही. शिवाय वजनाच्या मानाने लहान मुलांच्या त्वचेचं क्षेत्रफळ मोठं असतं. त्यामुळे ती पाऊस-वाऱ्यात लवकर गारठतात आणि उन्हात लवकर तापतात.

दर अर्ध्या तासाने बाळाला खाली उतरवा. हातपाय तसेही गार लागतात, म्हणून मानेमागे किंवा छातीला हात लावून बघा. भिजलेले कपडे लगेच बदला. बाळ सुस्त झालं, नेहमीसारखा प्रतिसाद देत नसेल तर ट्रेक तिथेच थांबवा.

कुठला गड निवडायचा?

सुरुवातीला वाटेवर पायऱ्या आणि पायथ्याशी गाव असलेला गड बरा. शिवनेरीची सात दरवाजांची पायऱ्यांची वाट चांगली, साखळीची वाट नको. लोहगडालाही पायऱ्या आहेत, पण विंचूकाट्याकडे जाण्याचा मोह टाळा. सिंहगडावर गाडी वरपर्यंत जाते. मुक्काम करायचा असेल तर राजमाचीच्या उधेवाडीत गावकऱ्यांच्या घरी राहण्या-जेवण्याची सोय होते.

हरिहरच्या जवळजवळ उभ्या पायऱ्या, कलावंतीण किंवा अलंग-मदन-कुलंग हे मुलं मोठी झाल्यावर.

पावसाळ्यातल्या रविवारी लोहगडासारख्या ठिकाणी चिंचोळ्या दरवाजांत गर्दी अडकते. शक्य असेल तर मधला वार निवडा किंवा भल्या सकाळी चढा. निघण्यापूर्वी हवामान खात्याचा इशारा आणि प्रशासनाने बंदी घातली आहे का, हेही तपासा.

पाण्याचा नियम एकच

वाहत्या पाण्यात मुलांना उतरवायचं नाही. मोठ्यांच्या गुडघ्याएवढं पाणी मुलाच्या कमरेपर्यंत येतं. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वरच्या डोंगरात पाऊस पडला की काही मिनिटांत लोंढा येऊ शकतो. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पालापाचोळा वाहून येऊ लागला किंवा आवाज वाढला, तर फोटो सोडा आणि उंचावर चला.

सॅकमध्ये काय हवं?

• प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कपड्यांचे दोन जोड, कानटोपी
• उकळलेलं पाणी, ओआरएस (पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात मिसळायचं)
• घरचं खाणं: दशम्या, राजगिऱ्याचे लाडू, केळी
• शिट्टी, टॉर्च, मुलाची नेहमीची औषधं
• मुलाच्या खिशात पालकांचा नंबर लिहिलेली चिठ्ठी

साप चावला तर जखम कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. मुलाला हलू न देता उचलून खाली आणा आणि थेट रुग्णालय गाठा. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि कुठल्याही आणीबाणीसाठी ११२. सगळीकडे रेंज नसते, त्यामुळे कुठे चाललोय आणि कधी परतणार हे घरी सांगून ठेवा.

परत कधी फिरायचं?

ही वेळ पायथ्याशीच ठरवा. मोठ्यांना लागतो त्याच्या दुप्पट वेळ धरा, कारण ओल्या पायऱ्या उतरताना मुलं चढण्यापेक्षाही हळू चालतात. ठरलेली वेळ झाली की माथा दहा मिनिटांवर असला तरी मागे वळायचं.

मुलाला माथ्याचं फारसं काही नसतं. वाटेत दिसलेला खेकडा, खिशात भरलेले दगड आणि पायथ्याच्या टपरीवरची गरम भजी, त्याचा ट्रेक तेवढ्यातच पूर्ण झालेला असतो.