सुगंधी मेणबत्ती बनवताय? आधी वात पारखून घ्या

दिवाळीच्या भेटीसाठी तुम्ही हौसेने सुगंधी मेणबत्त्या बनवल्या. काचेचा सुंदर जार, मोगऱ्याचा सुगंध, वर सॅटिनची रिबन. मैत्रिणीने ती लावली आणि मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर ठेवली. तीन तासांनी ती जार उचलायला गेली, तर हात भाजला. काचेच्या कडा काजळीने काळ्या झालेल्या आणि ज्योत उंच फडफडतेय. अशा वेळी दोष बहुतेकदा मेणाचा किंवा सुगंधाचा नसतो, तर चुकीच्या वातीचा असतो.

वात नेमके काय करते?

मेणबत्तीत जळते ते वितळलेले मेण. वात ते खालून शोषून ज्योतीपर्यंत पोहोचवते. समईत आपण वात हाताने मागेपुढे सारू शकतो. मेणबत्तीत ती सोय नसते, म्हणून वातीचा आकार सुरुवातीलाच योग्य हवा.

वात बारीक असेल तर मधोमध खड्डा पडतो, कडेचे मेण तसेच राहते आणि ज्योत विझते. वात जाड असेल तर ती गरजेपेक्षा जास्त मेण ओढते. मग ज्योत उंच होते, धूर येतो, वातीच्या टोकाला काजळीचा गोळा जमतो आणि काच तापून तडकू शकते.

वात निवडताना

* जारचा आतला व्यास मोजा. वात जारच्या उंचीवर नाही, रुंदीवर ठरते. ६ ते ८ सेंटीमीटरच्या जारला सहसा एक वात पुरते. १० सेंटीमीटरच्या आसपास व्यास असेल तर एका जाड वातीपेक्षा दोन बारीक वाती बऱ्या.

* मेण कोणते ते पाहा. सोया मेणाला त्याच जारमध्ये पॅराफिनपेक्षा बहुधा थोडी मोठी वात लागते.

* सुगंध वजनाने मोजा. २०० ग्रॅम मेणाला १२ ते १६ ग्रॅम फ्रेग्रन्स ऑइल, म्हणजे ६ ते ८ टक्के, पुरेसे होते. व्हॅनिलासारखे जड सुगंध वातीत अडकून ज्योत मंद करू शकतात. म्हणून सुगंध बदलला की वातीची चाचणी पुन्हा घ्या.

* देवासाठीची फुलवात किंवा सुतळी वापरू नका. मेणबत्तीची वात विणलेली असते. जळताना तिचे टोक किंचित वाकते आणि आपोआप जळून जाते. विणलेली सुती वात पत्र्याच्या बुडासकट विकत मिळते, तीच घ्या.

* नंबरवर आंधळा विश्वास ठेवू नका. एका प्रकारातली ८ नंबरची वात दुसऱ्या प्रकारातल्या ८ नंबरइतकीच असेल असे नाही. विक्रेत्याचा तक्ता ही फक्त सुरुवात समजा.

* वातीच्या गाभ्यात काय आहे ते विचारा. शिशाचा गाभा असलेल्या वातींवर अमेरिकेने २००३ मध्ये बंदी घातली, कारण जळताना शिसे हवेत मिसळते. गाभा सुती किंवा कागदी असलेली वात घेणे उत्तम.

चाचणी अशी घ्या

एकसारखे तीन जार घ्या. एकात तक्त्यातली वात लावा, दुसऱ्यात एक नंबर लहान, तिसऱ्यात एक नंबर मोठी. मेण, सुगंध आणि जार तिन्हींत तेच ठेवा. नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही. प्रत्येक जारवर चिठ्ठी लावा. सोया मेण असेल तर एक ते दोन आठवडे मुरू द्या.

आता पंखा बंद करा, जार स्टीलच्या ताटात ठेवा आणि वात ६ मिलिमीटरपर्यंत कापा. मेणबत्ती ४ तास जळू द्या, पण खोली सोडून जाऊ नका. दर तासाला वहीत नोंद करा:

* वितळलेले मेण किती रुंद पसरले?
* ज्योत साधारण इंचभर आणि स्थिर आहे की फडफडते?
* धूर, काजळी दिसते का?
* जार किती तापला? इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर काच ६० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ नये.

मग विझवा, पूर्ण थंड होऊ द्या, वात पुन्हा कापा आणि पुन्हा ४ तास लावा. मेण संपत येईपर्यंत हेच करा.

पहिल्या दिवशी फसू नका

पहिल्याच वेळी तासाभरात मेण कडेपर्यंत वितळले की आपण खूश होतो, पण अशी वात बहुधा मोठी असते. ज्योत खाली उतरते तशी उष्णता जारमध्ये कोंडते आणि तीच वात शेवटी काच तापवते. उलट सुरुवातीला कडेला थोडे मेण राहिले तरी चालेल, पुढे ते वितळते. म्हणून खरा निकाल शेवटच्या दोन वेळांचा.

हे टाळाच

चहाचे पातळ काचेचे ग्लास, तडा गेलेला जार आणि नारळाची करवंटी वापरू नका. करवंटी स्वतःच पेट घेऊ शकते. मेणावर सुकलेल्या गुलाबपाकळ्या किंवा दालचिनीही नको. फोटोत छान दिसतात, पण ज्योतीजवळ सरकल्या तर त्याही वातीसारख्या पेटतात.

चाचणीत जार पेटलाच तर पाणी अजिबात ओतू नका, जळते मेण उडते. स्टीलची ताटली वर झाका आणि थंड होईपर्यंत हात लावू नका.

भेट देताना

चाचणीत पास झालेल्या मेणबत्तीसोबत एक चिठ्ठी द्या: दर वेळी वात कापा, सलग ४ तासांपेक्षा जास्त लावू नका, पडदे, पंखा आणि मुलांपासून दूर ठेवा, तळाशी अर्धा इंच मेण उरले की पेटवणे बंद करा.

चाचणीत दोन-तीन जार वाया गेले तर वाईट वाटून घेऊ नका. बिघडायचे ते तुमच्या डोळ्यांसमोर बिघडलेले बरे, मैत्रिणीच्या घरी नको.