कुंभाराने कोणती जत्रा निवडावी?

अक्षय्य तृतीयेला आपल्या प्रत्येक घरी नवी घागर येते. शेजारच्या जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळच्या घटमांडणीतही मध्यभागी पाण्याने भरलेली घागरच असते. संग्रामपूरच्या कुंभाराला वैशाखातील हे गिऱ्हाईक ठाऊक आहे. दिवाळीच्या पणत्यांचेही आहे. परंतु या दोन हंगामांमधले महिने कसे काढावयाचे? मुंबई-दिल्लीच्या कलादालनांतून मातीची भांडी चांगल्या किमतीला विकली जातात, मग आपली का नकोत, असा प्रश्न तरुण कारागीर विचारतात. तो रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र योग्य जत्रा निवडण्यात आहे, आणि तेथेच पुष्कळांची वर्षाची कमाई बुडते.

जत्रा दोन प्रकारच्या असतात. हरियाणातील सूरजकुंडचा मेळा १९८७ पासून भरतो. दिल्ली हाट १९९४ साली सुरू झाली. तेथे येणारा माणूस एक वाटी, एक कुंडी घरासाठी घेतो आणि रोख पैसे मोजतो. हा किरकोळ बाजार होय. दुसरा प्रकार घाऊक जत्रेचा. हस्तकला निर्यात प्रोत्साहन परिषदेची जत्रा ग्रेटर नोएडा येथे वर्षातून दोनदा भरते. तेथे दुकानदार व परदेशी व्यापारी येतात, नमुना पाहतात आणि मागणी नोंदवितात. माल नंतर पाठवावयाचा. अमेरिकेत बाल्टिमोरच्या प्रसिद्ध हस्तकला जत्रेत अनेक वर्षे आरंभीचे दिवस केवळ दुकानदारांसाठी राखून ठेवीत, आणि मग दारे सर्वांना उघडीत. दोन्ही गिऱ्हाइकांशी बोलण्याची रीत निराळी आहे, हे त्या मंडळींनी ओळखले होते.

आता हिशेब मांडू. समजा, एका वाडग्यास माती, झिलई आणि सरपण मिळून ४० रुपये लागले, मेहनतीचे ८० आणि फूट व वाहतूक यांचे ३०. एकूण १५० झाले. घाऊक भाव २०० ठेवला तर नगामागे ५० रुपये सुटतात. दुकानदार आपले भाडे, नोकर व नफा धरून तोच वाडगा सुमारे ४०० ला विकील. यात त्याची लबाडी नाही. घाऊक व्यवहाराची ती रीतच आहे. पण आपणच शेगावच्या रस्त्यावर तो २२० ला विकू लागलो, तर कोणता दुकानदार आपल्याकडे पुन्हा येईल? जो आपला घाऊक भाव पाळू शकत नाही, त्याने घाऊक जत्रेची वाट धरू नये.

पुढचा हिशेब गाळ्याचा. भाडे, प्रवास, मुक्काम मिळून ३०,००० रुपये खर्च आला, तर केवळ तो भरून निघण्यास ६०० वाडगे विकले गेले पाहिजेत. दिवसाला २० नग उतरत असतील तर ते ३० दिवसांचे काम झाले. म्हणून गाळा घेण्यापूर्वी ती जत्रा एकदा नुसती पाहून यावी. खरेदीदार कलादालनाचे आहेत की स्वस्त शोभेच्या वस्तू हजारांनी उचलणारे आहेत? आपल्यासारखा माल किती आहे? मागच्या वर्षीचे गाळेवाले पुन्हा आले आहेत काय? हे त्यांनाच विचारावे. कारागीर कारागिराला सहसा खरे सांगतो. तीन-चार जणांनी मिळून एक गाळा घेतल्यास धोका वाटला जातो.

मालाचीही पारख हवी. आपल्या आव्यातली लाल भांडी सच्छिद्र असतात. म्हणून तर माठात पाणी गार होते. परंतु टेबलावरच्या बशीत तोच गुण दोष ठरतो. दगडी भांडे १,२०० अंशांच्या आसपास भाजावे लागते. हे काम विदर्भात होऊ शकते, हे चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावतीच्या ग्रामोदय संघाने दाखविले आहे. मात्र ज्याची भट्टी तितकी तापत नाही, त्याने बशा न मांडता रांजण, कुंड्या व दिवे मांडावेत. त्यांनाही जाणकार गिऱ्हाईक आहे.

मागणी घेताना चार गोष्टी कागदावर असाव्यात: नग, भाव, माल पोचविण्याची तारीख, आणि वाटेत फुटल्यास भरपाई कोणाची. आपल्या तालुक्यास रेल्वे नाही. माल शेगाव स्थानकापर्यंत मोटारीने न्यावा लागतो, हे तारीख देताना विसरू नये. थोडी आगाऊ रक्कम मागण्यात संकोच कसला? आणि 'ठेवून जा, विकले की पैसे देऊ' असे कोणी म्हटले, तर ती घाऊक विक्री नव्हे. त्यात आपलेच भांडवल दुसऱ्याच्या फळीवर अडकते.

सरकारी साहाय्य आहे. हस्तकला विकास आयुक्तांचे कारागीर ओळखपत्र काढून ठेवावे. सरकारी प्रदर्शनांत गाळ्यासाठी अर्ज करताना ते उपयोगी पडते. २०२३ साली सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत कुंभारकाम आहे. हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि ५ टक्के व्याजाने कर्ज मिळते. आमचे सांगणे इतकेच, की कर्ज चाकासाठी व भट्टीसाठी काढावे, गाळ्याच्या भाड्यासाठी काढू नये. भट्टी पुढची अनेक वर्षे कामी येते. जत्रा चार दिवसांत उठते.

आणि शहरात बसलेल्या आम्हां गिऱ्हाइकांनीही एक ध्यानात घ्यावे. कुंभाराला दूरची जत्रा गाठण्याचे बळ जवळच्या विक्रीतूनच मिळते. यंदा घागर घेताना घासाघीस थोडी कमी केली, तरी त्या बळात भर पडेल.