दोन हाका

सकाळी ७
रात्रपाळी सुटते, दिवसपाळी आत येते. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेल कारखान्याच्या गेटजवळ एक फळा आहे. सेफ्टी सुपरवायझर म्हणून माझा दिवस तिथून सुरू होतो. बॉयलर, डाईंग, वार्पिंग, साच्यांच्या म्हणजे मागांच्या रांगा, शिलाई अशी खाती एकाखाली एक आणि प्रत्येकासमोर दोन नावं: काम करणारा आणि त्याचा जोडीदार. आज बॉयलरचा जोडीदार रजेवर आहे. दुसऱ्याचं नाव लिहून, त्याला काय करायचं ते त्याच्याच तोंडून वदवून घेतल्यावर पाळी सुरू होते.

सकाळी ७.१५
गेटवरची छोटी सभा. २०२५ च्या जूनपासून होटगी रोडवरून गोव्याचं विमान सुरू झालं, तेव्हापासून विमानाची गोष्ट काढली की सगळे कान देतात. आज नागपूरची सांगितली.

२७ ऑगस्ट २०२१. बिमान बांगलादेशचं विमान मस्कतहून ढाक्याला निघालेलं, आत सव्वाशेच्या आसपास प्रवासी. रायपूरजवळ असताना कॅप्टन नौशाद अताउल कय्युम यांना हृदयविकाराचा झटका आला. सहवैमानिकाने विमान ताब्यात घेतलं आणि कोलकात्याच्या नियंत्रण कक्षाला कळवलं. सर्वांत जवळ नागपूर, तिकडे वळा, असं उत्तर आलं. विमान नागपुरात सुखरूप उतरलं, प्रवासी वाचले. कॅप्टन मात्र ३० ऑगस्टला तिथल्याच रुग्णालयात वारले. टायर फुटलेलं विमान २०१६ मध्ये सुखरूप उतरवणारे हेच कॅप्टन. इतक्या कसबी माणसालाही शरीर ऐनवेळी दगा देऊ शकतं, हे धरूनच कॉकपिटमध्ये दुसरी खुर्ची ठेवलेली असते.

सकाळी ९.३०
बॉयलर. इथे माझा सगळ्यात जास्त वेळ जातो. बॉयलर चालवायला परवानाधारक अटेंडंटच लागतो, जोडीदाराने तो चालवायचा नाही. अटेंडंट कोसळला तर जोडीदाराने बॉयलर शांत करायचा, एवढंच त्याचं काम. आधी जळण बंद, मग पंखा बंद. पाण्याच्या काचेत पाणी दिसेनासं झालं असेल तर पंपाला हात लावायचा नाही. कोरड्या पडून तापलेल्या नळ्यांवर पाणी गेलं की क्षणात वाफ होते आणि बॉयलर फुटू शकतो. घाबरलेला माणूस नेमकं तेच करायला धावतो. म्हणून आजच्या नव्या जोडीदाराकडून हे मी हात लावून करवून घेतलं: ही काच, हा डँपर, हे लाल बटण.

विमानातही केबिन क्रूला विमान चालवायला शिकवत नाहीत. बेशुद्ध वैमानिकाला कंट्रोलपासून मागे ओढायचं, खांद्याचे पट्टे आवळून लॉक करायचे, खुर्ची मागे सरकवायची, हे मात्र त्यांच्याकडून घोटून घेतात.

सकाळी ११
साच्यांचं खातं. खडखडाटात बोललेलं ऐकू येत नाही. इथे विमानातलाच नियम लावलाय. एका वैमानिकाने दोनदा विचारूनही दुसऱ्याकडून नीट उत्तर आलं नाही, तर तो अक्षम झाला असं धरून पहिला विमान ताब्यात घेतो. माणूस नेहमी धाडकन कोसळतोच असं नाही. कधी तो बसल्या जागी नुसता गप्प होतो, आणि ते ओळखणं जास्त अवघड. आमच्याकडेही दोन हाका मारायच्या. उत्तर नाही आलं तर साचा बंद करून त्याच्याकडे जायचं.

दुपारी १
डबे उघडतात. कडक भाकरी, शेंगाची चटणी. शिलाईतल्या अक्कांनी विचारलं, "मग ते दोघं पायलट एकच जेवण खात नसतील की ओ?" अक्कांनी बरोबर ओळखलं. अनेक कंपन्यांत दोघांना वेगवेगळं जेवण देतात. वैमानिक उड्डाणात आजारी पडतो तो बहुतेक वेळा पोटामुळे, हृदयविकार त्यामानाने क्वचित.

दुपारी ३
सोलापूरचा उन्हाळा, पारा चाळिशीच्या वर. एक साचेवाले अण्णा खांबाला टेकले. शेजारच्याने दोन हाका मारल्या, उत्तर नाही. त्याने दोन्ही साचे बंद केले, अण्णांना वाऱ्याला आडवं केलं आणि मला बोलावलं. श्वास चालू होता. अंगावर ओले टॉवेल टाकले, १०८ ला फोन केला. श्वास बंद असता तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा, दोन इंच खोल दाबायचं होतं. सगळ्या जोडीदारांना ते येतं. अण्णा शुद्धीवर आले, तरी त्यांना दवाखान्यात पाठवलंच.

संध्याकाळी ५.३०
मालकांबरोबर बैठक. जोडीदार शिकवायला वेळ जातो, उत्पादन थांबतं, हा त्यांचा हिशोब खोटा नाही. विमान कंपन्याही असा हिशोब मांडतात. लांबच्या उड्डाणात काही काळ एकच वैमानिक कॉकपिटमध्ये ठेवता येईल का, हे युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेने तपासून पाहिलं. आजच्या कॉकपिटमध्ये ते दोघांइतकंच सुरक्षित आहे असं दाखवता येत नाही, हा २०२५ मधला निष्कर्ष. मालकांनी ऐकून घेतलं आणि दर महिन्याच्या सरावाला होकार दिला.

संध्याकाळी ७
रात्रपाळी. फळा पुसून नवी नावं. १८ मे २०२५ च्या पहाटे याच एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागून आठ जीव गेले. तेव्हापासून रात्रीच्या फळ्यावर आम्ही आणखी एक ओळ वाढवली आहे: मेन स्विच कोण पाडणार, दार कोण उघडणार.

तुमचा कारखाना चार साच्यांचा असो की चारशेचा, उद्या पाळी सुरू होण्याआधी एवढं विचारा: हा माणूस आत्ता इथे कोसळला, तर पुढचं कुणाला येतं? उत्तर मिळालं नाही, तर त्याच दिवशी कुणालातरी शिकवा.